विलायती पेन्शनरची कुरकुर

ब्रिटनमधल्या जवळपास प्रत्येक पेन्शनरच्या खात्यात दर डिसेंबरात सरकारकडून दहा पौंड जमा होतात. ही नाताळची भेट. एडवर्ड हीथ पंतप्रधान असताना १९७२ साली ती सुरू झाली, तेव्हा ती दीड आठवड्याच्या पेन्शनइतकी होती. त्यानंतर आजतागायत तिच्यात एका पेनीचीही कायमची भर पडलेली नाही. आज त्या पैशांत पबमध्ये दोन ग्लास बिअर आली तरी नशीब. याच जातीची दुसरी गंमत ऐंशी पूर्ण करणाऱ्यांची. जुन्या योजनेतल्या पेन्शनरला ऐंशीव्या वाढदिवसापासून आठवड्याला २५ पेन्स जादा मिळतात. हा आकडा १९७१ सालचा आहे. मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत दोन्ही पक्षांची सरकारे आली आणि गेली. या रकमा वाढवाव्यात असे कोणाला वाटले नाही, आणि बंद कराव्यात अशी कोणाची छाती झाली नाही.

ब्रिटनचे राजकारण वर्तमानपत्रांतून वाचणाऱ्याला तिथला पेन्शनर फारसा दिसत नाही. तो भेटतो बसस्टॉपवर, सकाळी साडेनऊला. साडेनऊच का, तर इंग्लंडमध्ये त्याचा फुकट बसपास कामाच्या दिवशी साडेनऊनंतर चालतो. त्याआधीच्या बस कामावर जाणाऱ्यांसाठी. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हा पास साठीलाच मिळतो, इंग्लंडमध्ये मात्र पेन्शनचे वय गाठावे लागते, म्हणजे २०२५ मध्ये ६६. हा फरक इंग्लंडमधल्या पेन्शनरला तोंडपाठ असतो, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहत नाही. मग पुढचे सुरू होते. डॉक्टरची वेळ हवी तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा आणि आपण रांगेत सतरावे आहोत हे ऐकत बसायचे. रस्त्यातला खड्डा दोन वर्षे तसाच आहे. कचऱ्याची गाडी आता पंधरा दिवसांनी येते. पार्किंगचे पैसे नाण्यांनी भरता येत नाहीत, मोबाइलवर ॲप घ्या म्हणतात. बँकेची शाखा बंद पडली, तिथे आता कॉफीचे दुकान आहे. टीव्हीचा परवाना आधी पंचाहत्तरीनंतर फुकट होता, तोही गेला. आणि हे इतके परदेशी लोक येतात कुठून, हेही असतेच.

या कुरकुरीवर ब्रिटिश समाज मनापासून हसतो. बीबीसीवर १९९० ते २००० या काळात ‘वन फूट इन द ग्रेव्ह’ नावाची विनोदी मालिका चालली. सक्तीने निवृत्त झालेला आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर चिडणारा व्हिक्टर मेल्ड्रू हा तिचा नायक. त्याचे नाव आज कुरकुऱ्या म्हाताऱ्याला सर्रास लावले जाते. टनब्रिज वेल्स हे केंट परगण्यातले सुखवस्तू गाव तर संपादकाला संतापाची पत्रे पाठवणाऱ्यांचे गाव म्हणूनच प्रसिद्ध आहे. हसायला हरकत नाही. पण या गाऱ्हाण्यांनी सरकारे हादरली आहेत, एवढेच नव्हे तर देशाच्या तिजोरीतल्या सगळ्यात मोठ्या रकमांपैकी एक त्यांनीच ठरवली आहे. ती कशी, हे पाहायला थोडे मागे जावे लागते.

वृद्धांसाठी सरकारी पेन्शनचा कायदा तिथे १९०८ साली झाला. तयारी ॲस्क्विथ यांची, संसदेत तो पार नेला लॉइड जॉर्ज यांनी. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पोस्टाच्या खिडकीवर आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. वर्षाचे उत्पन्न २१ पौंडांच्या आत असेल तर पूर्ण रक्कम, ३१ पौंड १० शिलिंगांच्या वर असेल तर काहीच नाही. शिवाय चारित्र्याची अट होती. तुरुंगात जाऊन आलेला, अट्टल दारुडा किंवा कामचुकार म्हणून नोंद झालेला माणूस अपात्र. पैसे पोस्टातून द्यायचे हा निर्णय फार शहाणपणाचा ठरला. त्याआधी गरीब म्हाताऱ्याला मदतीसाठी गरीबखान्याच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागे, आणि ती मोठी नामुष्की समजली जाई. पोस्टाच्या खिडकीत कसली नामुष्की? तिथे तर सगळेच जातात.

आजची व्यवस्था बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालातून आली. पगारातून राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापायची आणि म्हातारपणी पेन्शन द्यायची. बेव्हरिज यांचा सल्ला होता की गंगाजळी साठू द्या, पूर्ण पेन्शनपर्यंत वीसेक वर्षांत पोहोचा. ॲटली यांच्या मजूर पक्षाच्या सरकारला एवढा धीर नव्हता. युद्धात होरपळलेल्या पिढीला आणखी वीस वर्षे थांबा असे सांगणार कोण? पेन्शनची वाढीव रक्कम लगेच द्यायला सुरुवात झाली, आणि तेव्हापासून हिशेब असा चालला आहे की आज कमावणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांची पेन्शन भागते. विम्याचा निधी नावाला आहे, पण त्यातली शिल्लक काही महिन्यांच्या वाटपापुरती असते. बसस्टॉपवरच्या आजोबांना मात्र हे पटत नाही. पन्नास वर्षे मी भरले, ते माझेच पैसे मला परत मिळतात, अशी त्यांची ठाम समजूत असते. समजूत हिशेबाला धरून नाही, पण तिच्यातून येणारा हक्काचा भाव खरा आहे, आणि मत त्या भावनेवरच पडते.

१९८० मध्ये थॅचर सरकारने पेन्शनची पगारवाढीशी असलेली सांगड तोडली आणि ती फक्त महागाईशी जोडली. दरवर्षी फरक किरकोळ दिसे. वीस वर्षांत मात्र पेन्शनर कमावत्या माणसाच्या खूप मागे पडला. मग एप्रिल २००० उजाडला. आधीच्या सप्टेंबरातला महागाईचा दर १.१ टक्के होता. नियमाप्रमाणे पेन्शन ६६.७५ पौंडांवरून ६७.५० पौंड झाली. वाढ पंचाहत्तर पेन्स. अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. पण त्या पंचाहत्तर पेन्सनी जो भडका उडाला तो मजूर पक्षाला पुढच्याच महिन्यात स्थानिक निवडणुकीत सोसावा लागला. पुढच्या वर्षी एकदम पाच पौंड वाढवले गेले, आणि त्यानंतर दरवर्षी किमान अडीच टक्के वाढ देण्याचा शब्द ब्राऊन यांनी दिला.

आज ब्रिटनमध्ये सगळे पक्ष ज्याला हात लावायला घाबरतात त्या ‘ट्रिपल लॉक’ची एक कडी ही. २०१० साली सत्तेवर आलेल्या कॅमेरून-क्लेग आघाडीने ते तिहेरी कुलूप लावले. पगारवाढ, महागाई आणि अडीच टक्के, या तिघांत जे सर्वांत जास्त असेल तेवढी पेन्शन दरवर्षी वाढणार. वरकरणी साधी वाटणारी ही मांडणी भलतीच एकतर्फी आहे. ज्या वर्षी महागाई भडकते त्या वर्षी पेन्शन महागाईबरोबर चढते. दुसऱ्या वर्षी महागाईची भरपाई म्हणून पगार वाढतात, तेव्हा पेन्शन पगाराबरोबर पुन्हा चढते. खाली यायचा जिनाच नाही. एप्रिल २०२३ मध्ये वाढ १०.१ टक्के झाली, पुढच्या एप्रिलमध्ये ८.५ टक्के. नव्या योजनेतली पूर्ण पेन्शन एप्रिल २०२५ पासून आठवड्याला २३०.२५ पौंड होती, एप्रिल २०२६ साठी ती २४१.३० पौंड ठरली. वर्षाचे साडेबारा हजार पौंड. आता आयकर लागू होण्याची मर्यादा १२,५७० पौंडांवर २०२१ पासून गोठलेली आहे, म्हणजे नुसती पेन्शन घेणाराही करपात्र होण्याच्या उंबरठ्यावर आला. एका हाताने द्यायचे, दुसऱ्याने घ्यायचे, हे नवे गाऱ्हाणे तिथे आता ऐकू येते. अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र सरकारी संस्थेचा अंदाज असा की २०२९-३० पर्यंत या कुलपाचा वार्षिक खर्च साडेपंधरा अब्ज पौंडांवर जाईल, सुरुवातीच्या अपेक्षेच्या तिप्पट. सरकारी पेन्शनवर देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे विसावा हिस्सा जातो.

तरुण यावर चिडतात, आणि त्यांचे चिडणे साधार आहे. १९८० च्या कायद्यानंतर ज्यांनी कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, भाड्याची घरे सवलतीत विकत घेतली, ज्यांच्या वेळी पगाराच्या चौपटीत घर येई, ज्यांचे विद्यापीठाचे शिक्षण फुकट झाले, त्या पिढीची पेन्शन आता भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, शिक्षणाचे कर्ज फेडणाऱ्या नातवंडांच्या पगारातून जाते. हुजूर पक्षाचेच माजी मंत्री डेव्हिड विलेट्स यांनी २०१० मध्ये ‘द पिंच’ या पुस्तकात याच हिशेबावर बोट ठेवले. पण तरुण मतदानाला कमी जातात आणि म्हातारे पाऊस असो की थंडी, जातातच. २०१६ च्या सार्वमतात पासष्टीपुढच्या दर पाचांतल्या सुमारे तिघांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, तरुणांचा कौल नेमका उलटा होता, आणि निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ असा लागला.

या मतांवर राज्यकर्त्यांचा किती डोळा असतो याचा एक मासला. मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदानाला फोटो असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले. ज्येष्ठांचा बसपास चालतो, तरुणांचे रेल्वे सवलत कार्ड चालत नाही. थोड्याच दिवसांत हुजूर पक्षाचे माजी मंत्री जेकब रीस-मॉग यांनी एका परिषदेत जाहीरपणे सांगून टाकले की असे डाव उलटतात. ओळखपत्र नसलेले बहुतेक म्हातारेच निघाले, आणि ते तर आमचे मतदार. हात दाखवून अवलक्षण याहून वेगळे काय असते?

दुसरे अवलक्षण मजूर पक्षाचे. थंडीत घर गरम ठेवायला मदत म्हणून पेन्शनरांना १९९७ पासून इंधनभत्ता मिळतो. तो काही वर्षांत घरटी दोनशे पौंड, आणि घरात ऐंशीपुढचे कोणी असेल तर तीनशे पौंड झाला. लखपती असो वा कफल्लक, सगळ्यांना सारखा. अर्थशास्त्रज्ञांना हे कधीच पटले नव्हते. २९ जुलै २०२४ रोजी, सत्तेवर येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी घोषणा केली की भत्ता यापुढे फक्त अतिगरिबांना, म्हणजे ‘पेन्शन क्रेडिट’ घेणाऱ्यांना मिळेल. एक कोटीहून अधिक लाभार्थी एकदम पंधरा लाखांवर आले. वर्षाला दीडेक अब्ज पौंड वाचणार होते; बाराशे अब्ज पौंडांच्या वर खर्च करणाऱ्या सरकारने दात कोरून पोट भरण्याचाच हा प्रकार. त्या हिवाळ्यात देशाच्या एकूण आर्थिक स्थितीबद्दल रीव्ह्ज काय बोलल्या हे कोणाच्या लक्षात राहिले नाही, इंधनभत्ता मात्र प्रत्येकाच्या तोंडी होता. १ मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाने दहा कौन्सिलांत बहुमत मिळवले. त्याच दिवशी रनकॉर्नच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाची सुरक्षित जागा सहा मतांनी गेली. फक्त सहा. जूनमध्ये सरकारने माघार घेतली आणि ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्यांना भत्ता परत सुरू झाला.

माझ्या मते रीव्ह्ज यांची चूक तत्त्वात नव्हती. भरल्या घराच्या निवृत्त बँकरला सरकारने गॅसचे बिल का द्यावे? चूक होती ती रेषा कुठे ओढली यात. पेन्शन क्रेडिट मिळवण्यासाठी जो अर्ज भरावा लागे त्यात दोनशेहून अधिक प्रश्न होते. हक्क असूनही लाखो म्हातारे तो भरतच नाहीत, काहींना झेपत नाही म्हणून आणि काहींना लाज वाटते म्हणून. १९०९ मध्ये पोस्टाच्या खिडकीने जी नामुष्की पुसली होती ती या अर्जाने परत आणली.

खिडकी हाही त्यांच्या तक्रारींतला मोठा विषय. २०१५ पासून ब्रिटनमध्ये बँकांच्या सहा हजारांहून अधिक शाखा बंद झाल्या. तांब्याच्या तारांवरची जुनी टेलिफोन सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहे; एकटे राहणारे वृद्ध गळ्यात जे धोक्याचे बटण घालतात ते वर्षानुवर्षे याच तारेवर चालत आले. २०२३ मध्ये रेल्वे कंपन्यांनी इंग्लंडमधल्या बहुतेक तिकीट खिडक्या बंद करायची योजना आखली. सूचना-हरकती मागवल्या, तर साडेसात लाख आल्या. ३१ ऑक्टोबरला सरकारने योजना गुंडाळली. यात अपंगांच्या संघटना होत्या, कर्मचारी होते, पण मोठा वाटा पेन्शनरांचा होता हे सांगायला नको. खिडकीमागे माणूस हवा, हा हट्ट जुनाट म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी टपाल खात्याचे प्रकरण आठवावे. १९९९ पासून पोस्टांत बसवलेली ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली प्रत्यक्षात नसलेली तूट दाखवत होती. संगणक चुकतोच कसा, या एका गृहीतकावर नऊशेहून अधिक माणसे चोरीच्या आणि खोट्या हिशेबाच्या आरोपांत दोषी ठरली. त्यांत भारतीय वंशाचे दुकानदार पुष्कळ होते. कोणी तुरुंगात गेले, कोणाची घरे विकली गेली. ॲलन बेट्स हे वेल्समधले पोस्टचालक वीस वर्षे लढले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्यावरची टीव्ही मालिका घराघरांत पोहोचली तेव्हा कुठे संसदेने खास कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. गावातला पेन्शनर मात्र आपल्या पोस्टाच्या खिडकीमागच्या माणसाला पहिल्यापासून ओळखत होता. दर आठवड्याला त्याच्याच हातून पैसे घेत होता ना.

पेन्शनर म्हणजे एकजिनसी जमात, हा मात्र भ्रम. १९५० च्या दशकात जन्मलेल्या बायकांचेच घ्या. १९९५ च्या कायद्याने त्यांचे पेन्शनचे वय साठवरून पासष्ट करायचे ठरले, २०११ च्या कायद्याने त्याला आणखी वेग दिला. पुरुषांच्या बरोबरीचे वय असायला त्यांचा आक्षेप नाही. आक्षेप असा की हे आम्हाला वेळेवर कोणी कळवलेच नाही, साठीला पेन्शन मिळेल म्हणून नोकरी सोडली आणि मग कळले. लोकपालांनी मार्च २०२४ मध्ये त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य करून एक हजार ते २,९५० पौंडांची भरपाई सुचवली. डिसेंबरात सरकारने ती नाकारली. विरोधी बाकांवर असताना यांच्यासोबत फलक घेऊन फोटो काढलेले नेते आता मंत्री होते.

आणखी एक गट पुण्या-मुंबईतही सापडतो. ब्रिटनमध्ये उमेदीची वर्षे घालवून म्हातारपणी मायदेशी परतलेले डॉक्टर, परिचारिका, इंजिनिअर. ब्रिटिश पेन्शन जगात कुठेही मिळते, पण तिची वार्षिक वाढ कुठे मिळेल हे त्या त्या देशाशी झालेल्या करारावर ठरते. युरोपीय देशांत मिळते, अमेरिकेत मिळते, फिलिपिन्समध्येही मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथे मिळत नाही; परतलेल्या वर्षी जो आकडा असेल तो कायमचा गोठतो. २००० साली पेन्शन घेऊन पुण्यात आलेल्या डॉक्टरला मूळ पेन्शनचे तेच ६७.५० पौंड मिळत राहतात. त्याच दिवशी निवृत्त होऊन लेस्टरला राहिलेल्या त्याच्या मित्राला २०२५ मध्ये १७६.४५ पौंड. वर्गणी दोघांनी सारखीच भरलेली. मुलांकडे पाहुणा म्हणून ब्रिटनला गेला तर तेवढ्या आठवड्यांपुरती पेन्शन पूर्ण होते, विमान परतले की पुन्हा गोठते. हे प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये पेन्शनर हरले. त्यांची संख्या साडेचार लाखांच्या आसपास आहे. ते रनकॉर्नमध्ये राहत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कोणी माघार घेत नाही.

आता खड्ड्यांकडे येऊ. खड्डे, कचरा, बंद पडणारी वाचनालये आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे, हे सगळे कौन्सिलचे काम. कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टी, इंग्लंडमध्ये अजूनही एप्रिल १९९१ च्या घरकिमतींवर आकारली जाते. तेव्हापासून फेरमूल्यांकन करायला कोणी धजावलेले नाही. बर्मिंगहॅमची कौन्सिल सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोर झाली, मार्च २०२५ पासून तिथल्या कचरा कामगारांचा संप पेटला आणि रस्त्यांवर ढिगारे साचले. बर्मिंगहॅमची कारणे बरीचशी स्वतःची होती: समान वेतनाचे थकलेले दावे, फसलेली संगणकप्रणाली. पण बाकीच्या कौन्सिलांचा पैसा कुठे जातो? परगण्यांच्या कौन्सिलांचा सुमारे दोन तृतीयांश खर्च सामाजिक शुश्रूषेवर होतो, त्यात काही मुलांवर आणि मोठा हिस्सा अपंग व वृद्ध यांच्यावर. उरलेल्यात खड्डे. २०२५ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये रस्ते नीट करण्याचे सुमारे १७ अब्ज पौंडांचे काम तुंबले होते. डॉक्टरांची आणि ॲम्ब्युलन्सची वाट पाहण्याचेही असेच आहे. इंग्लंडच्या रुग्णालयांत रोज बारा हजारांच्या आसपास खाटा अशा माणसांनी अडलेल्या असतात, ज्यांना घरी सोडायला डॉक्टरांची हरकत नसते. त्यातल्या बऱ्याच जणांना घरी सांभाळायला कोणी नसते. मग आत जागा नाही म्हणून दाराशी ॲम्ब्युलन्सची रांग.

म्हणजे बसस्टॉपवरची निम्मी गाऱ्हाणी फिरून एकाच ठिकाणी येतात: म्हाताऱ्यांना सांभाळायचे कोणी आणि कोणाच्या पैशाने? १९४८ साली आरोग्यसेवा फुकट झाली, शुश्रूषा झाली नाही. कर्करोग झाला तर शस्त्रक्रिया, औषधे, खाट, सगळे सरकारकडून. स्मृतिभ्रंश झाला, कपडे घालायला, जेवू घालायला माणूस लागू लागला, तर ती शुश्रूषा, आणि तिचा खर्च ज्याचा त्याने करायचा. २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असेल तर इंग्लंडमध्ये कौन्सिल मदत करत नाही, आणि कायमचे केअर होममध्ये गेलेल्या एकट्या माणसाचे राहते घरही या मालमत्तेत धरतात. केअर होमचा आठवड्याचा खर्च हजार पौंडांच्या सहज पुढे जातो. २३,२५० पौंडांची ही मर्यादा २०१० पासून तशीच आहे. स्कॉटलंडने अंग पुसणे, जेवू घालणे यांसारखी वैयक्तिक शुश्रूषा २००२ पासून फुकट केली, इंग्लंडने नाही.

शुश्रूषा करतो कोण, हेही पाहण्यासारखे आहे. स्थानिक माणूस त्या पगारात टिकत नाही म्हणून फेब्रुवारी २०२२ पासून केअर कामगारांना परदेशातून आणण्याची वाट मोकळी केली गेली. भारत, नायजेरिया, झिंबाब्वे इथून माणसे गेली. केरळच्या मुली तर तिथल्या केअर होममध्ये सर्रास दिसतात. परदेशी फार झाले म्हणणाऱ्या आजोबांना सकाळी अंघोळ घालणारी मुलगी कोट्टायमची असू शकते. त्यांना ती आवडते, तिच्याविषयी ते कौतुकाने बोलतातही. तक्रार ‘बाकीच्यां’बद्दल असते. जुलै २०२५ मध्ये ही वाट परत बंद झाली.

हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न कोणी केला नाही असे नाही. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर पक्षाच्या अधिवेशनात म्हणाले होते की म्हातारपणीच्या शुश्रूषेसाठी घर विकावे लागते अशा देशात मुले वाढू नयेत. २०१० मध्ये मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री अँडी बर्नहॅम मृत्यूनंतर मालमत्तेतून ठरावीक वाटा घ्यायच्या कल्पनेवर विचार करत होते. हुजूर पक्षाने थडग्याच्या दगडाचे चित्र असलेली पोस्टरे लावली, ‘मरणकर’ म्हणून हाकाटी केली आणि विषय संपला. २०१७ मध्ये थेरेसा मे यांनी जाहीरनाम्यात लिहिले की घरी मिळणाऱ्या शुश्रूषेसाठीही घराची किंमत धरू, पण प्रत्येकाला एक लाख पौंड राखू देऊ. हिशेबाने पाहता हे तेव्हाच्या २३ हजारांपेक्षा कित्येकांना फायद्याचे होते. त्याच जाहीरनाम्यात इंधनभत्त्याला चाळणी लावण्याची आणि तिहेरी कुलूप सैल करण्याची भाषाही होती. ‘स्मृतिभ्रंशकर’ हे नाव पडायला एक दिवसही लागला नाही. चार दिवसांत मे यांनी भूमिका बदलली, आणि महिनाभरात बहुमत गमावले. यावेळी ओरडणारे मजूर पक्षाचे होते. म्हणजे फिटंफाट.

अर्थतज्ज्ञ अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने २०११ मध्ये सुचवले होते की आयुष्यभरात माणसाने शुश्रूषेवर किती खर्चावे याला कमाल मर्यादा घाला, त्यापुढचे सरकारने द्यावे. कॅमेरून सरकारने ७२ हजार पौंडांची मर्यादा २०१६ पासून आणायचे ठरवून पुढे ढकलली. बोरिस जॉन्सन यांनी पंतप्रधान झाल्याच्या दिवशीच प्रश्न कायमचा मिटवू म्हणून सांगितले. ८६ हजारांची मर्यादा ऑक्टोबर २०२३ पासून येणार होती, ती त्यांच्यानंतर आलेल्यांनी ऑक्टोबर २०२५ वर नेली. आणि २०२४ मध्ये ती रद्दच झाली.

कधी? २९ जुलैला. रीव्ह्ज यांच्या त्याच भाषणात, ज्यात इंधनभत्ता कापला गेला. एकाच अर्ध्या तासात सरकारने म्हाताऱ्यांचे दोनशे पौंड काढून घेतले आणि काहींच्या बाबतीत लाखांत जाणारे संरक्षणही काढून घेतले. देश पेटला तो दोनशे पौंडांवर. यात पेन्शनरला मूर्ख ठरवायचे कारण नाही. दोनशे पौंड त्याच्या खात्यात दर नोव्हेंबर-डिसेंबरात पडत होते, त्यांची तारीख त्याला माहीत होती. शुश्रूषेची वेळ आपल्यावर येईल असे कोणालाच वाटत नाही, आणि ज्याच्यावर येते तो तक्रार करण्याच्या अवस्थेत नसतो. त्याची मुलगी असते, आणि तिला वेळ नसतो. सरकारेही हे पुरते ओळखून आहेत. मर्यादा एकदाही लागू झाली नाही, म्हणून ती काढून घेतल्याचे कोणाला जाणवलेच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सरकारने या प्रश्नावर लुईझ केसी यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमायचे जाहीर केले. सर्वपक्षीय सहमती व्हावी हा हेतू. पहिला टप्पा २०२६ मध्ये, अंतिम शिफारशी २०२८ पर्यंत. सार्वत्रिक निवडणूक २०२९ च्या उन्हाळ्यापर्यंत घ्यावीच लागेल. म्हणजे अहवाल टेबलावर येईल तेव्हा सगळ्या पक्षांचे जाहीरनामे लिहिले जात असतील, आणि २०१० चे ते थडग्याचे पोस्टर कोणाच्या ना कोणाच्या कपाटात असेलच.